मंगळवासी नागपुरात उतरवायचे तर आधी साक्षीदार शोधा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही पाच-सहा जण आहात, कॉलेज नुकतंच संपलंय. एच. जी. वेल्स यांची 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स', म्हणजे मंगळवासीयांच्या पृथ्वीवरच्या स्वारीची कादंबरी, नागपुरात घडतेय अशी एकांकिका तुम्हाला करायचीय, आणि जमलं तर त्याच संहितेची ऑडिओ मालिकाही. हाताशी पंधरा हजार रुपये आहेत. अडलंय ते मंगळवासीयांच्या त्या तीन पायांच्या यंत्रांपाशी. ती रंगमंचावर दाखवायची कशी? आणि मूळ कथेपासून किती लांब गेलेलं चालेल?

मी पंचवीसेक वर्षं रूपांतराचंच काम करतोय. आधी रेडिओच्या श्रुतिका, मग एकांकिका, मधली काही वर्षं मुलांसाठी चित्रकथा. परग्रहावरच्या स्वाऱ्यांच्या गोष्टी त्यात चार-पाचदा हाताळल्या. त्या अनुभवावरून सांगतो, तुमचे दोन्ही प्रश्न बरोबर आहेत, पण त्यांच्या आधीचा एक प्रश्न तुम्ही सोडलाय. ही स्वारी पाहतंय कोण, आणि तो माणूस कुठे उभा आहे? एकदा साक्षीदार ठरला की यंत्र दाखवायचं, नुसतं ऐकवायचं की फक्त त्याच्या चेहऱ्यावर वाचायला द्यायचं, याचं उत्तर त्याच्या जागेवरूनच मिळतं. तो ठरला नसेल, तर पंधरा हजार काय, पंधरा लाखही पुरणार नाहीत.

हे मी कुठून शिकलो ते आधी सांगतो. एका स्पर्धेसाठी आम्ही थर्मोकोलचं यान केलं होतं. महिनाभर खपलो, रंग दिला, आत दिवे बसवले. पडदा उघडला, यान दिसलं, आणि दुसऱ्याच मिनिटाला प्रेक्षागृहात कुजबुज सुरू झाली. यान वाईट नव्हतं. पण ते दिसल्यावर लोकांना पाहायला काही उरलं नव्हतं. आमच्या संहितेत चार माणसं होती आणि चौघंही प्रेक्षकांइतकंच पाहत होती. कुणाला काही कमी दिसत नव्हतं, कुणाला काही वेगळं कळत नव्हतं. भीती उरायला जागाच नव्हती. तेव्हापासून मी कुठलीही स्वारीची गोष्ट हातात घेतली की पहिल्या पानावर एकच ओळ लिहितो: कोण, कुठून, काय पाहू शकतो.

आता हेच मूळ कादंबरीला लावून बघा. ती १८९७ मध्ये मासिकात क्रमशः आली आणि १८९८ मध्ये पुस्तक झाली. तिच्या निवेदकाला नावच नाही. तो लेखक आहे, लंडनजवळच्या वोकिंग गावात राहतो, आणि सगळं होऊन गेल्यावर काही वर्षांनी लिहितोय. म्हणजे तो वाचला हे आपल्याला पहिल्या पानापासून माहीत आहे. तरी भीती वाटते, कारण वेल्स त्याला त्याच्या रोजच्या वाटांवर उभं करतात. मंगळवासी ज्यातून येतात ते पहिलं नळकांडं गावाबाहेरच्या हॉर्सेल माळावर पडतं, तर लोक सुट्टीच्या दिवशी जत्रेला यावं तसे बघायला येतात. एक हुशार दुकानदार हिरवी सफरचंदं आणि जिंजर बिअर भरलेली हातगाडी देऊन आपल्या मुलाला तिथे पाठवतो. ही हातगाडी मला त्या यंत्रांपेक्षा जास्त लक्षात राहिली आहे. फुटाळ्याच्या काठावर संध्याकाळी भुट्टे भाजणारी बाई आठवा. तलावापलीकडे काही पडलं, तर ती कोळसे विझवणार नाही, अजून दोन कणसं सोलून ठेवेल. तुमच्या संहितेला ही बाई सापडली, तर अर्धं रूपांतर झालं समजा.

रेडिओवर गोष्ट गेली आणि साक्षीदारच बदलला. ३० ऑक्टोबर १९३८ ला ऑर्सन वेल्स यांच्या मर्क्युरी थिएटरने सीबीएस या अमेरिकन रेडिओवर तासाभराचा प्रयोग केला, संहिता हॉवर्ड कॉख यांची. (दोन्ही वेल्स वेगळे. इंग्रजीत दोन्ही आडनावांचं स्पेलिंगही निराळं आहे.) कॉख यांनी 'पुढे मला कळलं' असं म्हणणारा माणूस पहिल्या भागात प्रस्तावना संपताच बाजूला सारला. त्याच्या जागी बातमीदार आला, ज्याला पुढच्या क्षणाचंही काही माहीत नाही. नृत्यसंगीत चालू आहे, ते तोडून बातमी येते, पुन्हा संगीत, पुन्हा बातमी. आदल्या वर्षी मे महिन्यात हिंडेनबर्ग हे हवाई जहाज जळालं, तेव्हा तिथे हजर असलेल्या वार्ताहराचं ध्वनिमुद्रण गाजलं होतं. बातमीदार झालेल्या नटाने ते ऐकून तयारी केली होती. त्या प्रसंगात त्याचा आवाज चढत जातो, वाक्यं तुटायला लागतात आणि मग मायक्रोफोनच बंद पडतो. नंतरचे काही सेकंद काहीही ऐकू येत नाही. तुम्ही ऑडिओ करणार असाल, तर ती शांतता पुन्हापुन्हा ऐका. ती भरून काढायचा मोह प्रत्येक नवशिक्याला होतो. भरू नका.

कॅमेरा आल्यावर मोह उलट्या बाजूने आला: सगळंच दाखवता येतंय तर दाखवूया. १९५३ च्या चित्रपटात तीन पाय गेले आणि तारांवर टांगलेली, हवेत तरंगणारी सुंदर यानं आली. गोष्ट कॅलिफोर्नियात गेली, नायक शास्त्रज्ञ झाला, आणि काळ अणुबॉम्बचा असल्यामुळे अणुबॉम्ब टाकूनही यानांवर ओरखडा उठत नाही, हे सगळ्यांत मोठं दृश्य झालं. त्या काळाच्या प्रेक्षकाला याहून मोठी भीती दाखवता आली नसती. २००५ च्या चित्रपटाने मात्र पुन्हा एका माणसाचं बोट धरलं. बंदरावर क्रेन चालवणारा एक बाप आहे आणि त्याला दिसतं तेवढंच आपल्याला दिसतं. सैन्य आणि यंत्रं यांची मोठी लढाई टेकडीपलीकडे होते आणि कॅमेरा अलीकडेच थांबतो. अफाट पैसा हाताशी असलेले लोकसुद्धा टेकडीमागे काय आहे ते झाकून ठेवतात. तुम्हाला तर ते फुकटात करता येतं.

१९७८ चा जेफ वेन यांचा संगीत अल्बमही एकदा ऐकाच. तिथे निवेदन एका आवाजाचं आणि यंत्रं सगळी वाद्यांतून येतात.

इथवरचं सार असं की माध्यम बदलताना ज्यांनी चांगलं काम केलं, त्यांनी यंत्राचा आकार बिनधास्त बदलला, गाव बदललं, काळ बदलला. पण आपला साक्षीदार फार विचार करून निवडला. तेव्हा मूळ कथेशी प्रामाणिक राहण्याची चिंता यंत्रांबाबत करू नका. ती दोन ठिकाणी करा: साक्षीदाराची जागा आणि शेवट. शेवटाकडे नंतर येतो.

तुमचा साक्षीदार कोण असावा, हे तुमच्याकडे नट कोण आहेत यावर अवलंबून आहे. एखादी मुलगी फक्त आवाजावर माणसाला बांधून ठेवू शकत असेल तर एक वाट, गटात चार दमदार शरीराचे नट असतील तर दुसरी. तुमचा गट मी पाहिलेला नाही, म्हणून मी असतो तर काय केलं असतं तेवढं सांगतो. मी नागपूर स्टेशनच्या चौकशी खिडकीत बसलेली बाई घेतली असती. हे मला कादंबरीतूनच सुचलं. हॉर्सेल माळावर पहिली माणसं जळून मेली त्याच रात्री वोकिंग जंक्शनवर गाड्या येत होत्या, जात होत्या, डबे इकडून तिकडे लावले जात होते, एक मुलगा संध्याकाळचा पेपर विकत होता, सगळं रोजच्यासारखं. आपलं शहर तर जंक्शनच आहे. खिडकीतल्या बाईला यंत्र कधीच दिसणार नाही. तिला फक्त गाड्या कळतात. आधी गोंदियाकडची एक गाडी येत नाही. मग इटारसीकडची. कंट्रोलचा फोन लागत नाही. वर्ध्याकडून एक गाडी येते, वेळेवर येते, पण फलाटावर कुणी उतरत नाही. आणि वर स्पीकरमधली आधीच भरून ठेवलेली घोषणा तशीच चालू राहते: प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे.

नेपथ्याला एक टेबल, एक काच, एक माईक. काचेच्या पलीकडे प्रेक्षक, म्हणजे प्रवासी. हीच संहिता ऑडिओला जवळजवळ तशीच चालेल, कारण बाईचं कामच बोलण्याचं आहे.

इथे भाषेबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण मराठीत हे हत्यार आपल्याकडे आहे आणि आपण ते वापरत नाही. ती बाई सुरुवातीला खिडकीतून छापील मराठी बोलेल: "सदर गाडी सुमारे दोन तास उशिराने धावत आहे." मग गर्दी वाढेल, तशी वाक्यं आखूड होतील. 'सदर' जाईल, 'सुमारे' जाईल. आणि एका क्षणी काचेवर हात आपटणाऱ्या म्हाताऱ्याला ती म्हणेल, "बाबाजी, मले नाही माहीत. कोणीच काही सांगून नाही राहिलं ना." हे वाक्य आल्यावर वेगळा किंचाळण्याचा आवाज लागत नाही. नागपूरच्या प्रेक्षकाला कळतं की खुर्चीतला अधिकार संपला आणि घरातलं माणूस बोलायला लागलं. फक्त एक सांभाळा. आपल्याकडे वऱ्हाडी रंगमंचावर आली की लोक हसायला तयारच बसलेले असतात. म्हणून ती बोली आधी कुठेही विनोदाला वापरू नका. राखून ठेवा, आणि एकदाच काढा.

आवाजाचंही तसंच. तुम्ही नेटवरून 'एलियन साउंड' उतरवून घ्याल आणि ते सगळ्यांनी ऐकलेले असतील. कादंबरीतला पहिला भीतिदायक आवाज नळकांड्याचं झाकण आतून हळूहळू फिरण्याचा आहे. घासत, अडकत, पुन्हा घासत. एका श्रुतिकेसाठी तो आवाज मला हवा होता. डब्यांची झाकणं फिरवली, धान्याच्या कोठीचं झाकण फिरवलं, सगळेच आवाज पोकळ आणि छोटे. शेवटी एका मित्राच्या गावच्या घरी पडून असलेलं जातं रिकामंच, दाणे न घालता, अगदी सावकाश फिरवलं. माईक दगडापासून वीतभर लांब. एक फेरा पूर्ण व्हायला आठ-नऊ सेकंद लागतील इतकं हळू. खुंटा धरणाऱ्याला सांगितलं, मधेच थांब, मोजून तीन श्वास घे, मग ओढ. ऐकणाऱ्याला तो आवाज ओळखीचा वाटतो, पण जागा सापडत नाही. जात्यावर पहाटे ओव्या ऐकलेली आजी घरात असेल, तर तिला ते ध्वनिमुद्रण ऐकवा आणि तिच्या कपाळाकडे बघा.

जागा कोणती आणि भीती कसली, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगतो. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. मी गच्चीवर होतो. आकाशातून पेटलेल्या रेघांचा एक झुबका सावकाश सरकत गेला. उल्का इतकी सावकाश जात नाही, एवढंच तेव्हा डोक्यात आलं. शेजारच्या गच्चीवरून कुणी म्हणालं विमान पेटलं, कुणी म्हणालं क्षेपणास्त्र. त्याच संध्याकाळी चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात धातूचं सुमारे तीन मीटर व्यासाचं कडं पडलं, आणि आसपासच्या भागात पुढे धातूचे गोळेही सापडले. तो एका चिनी रॉकेटचा भाग असावा असा निष्कर्ष निघाला, इस्रोची माणसंही पाहून गेली. मला त्यातलं महत्त्वाचं वाटतं ते मधले तास, जेव्हा गावाजवळ वस्तू होती आणि स्पष्टीकरण नव्हतं. रेडिओच्या प्रयोगात मंगळवासी कुठे उतरणार, ते ग्रोव्हर्स मिल हे गाव कॉख यांनी नकाशावर पेन्सिल टेकवून निवडलं होतं. तुम्हाला पेन्सिलही टेकवायला नको. लाडबोरीला जा, त्या रात्री जागे असलेल्या लोकांशी बोला, त्यांनी पहिल्यांदा काय म्हटलं तेवढंच लिहून आणा.

आणि ज्या भीतीवर वेल्स यांनी गोष्ट उभी केली ती आपल्या मातीत अगदी जवळ आहे. पहिल्याच प्रकरणात ते वाचकाला थांबवून सांगतात, मंगळवासीयांना क्रूर म्हणण्याआधी युरोपातून आलेल्यांनी टास्मानियाच्या लोकांना पन्नास वर्षांत कसं संपवलं ते आठवा. लंडनच्या वाचकाला ते उलट्या जागी उभं करतात: आजवर तुम्ही वरून पाहत होतात, आता खालून पाहा. आपल्याला उलटं उभं राहावं लागत नाही. नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीच्या टेकडीवर इंग्रज आणि नागपूरचे भोसले यांच्यात काय झालं ते या शहराला ठाऊक आहे. टेकडी कुणाच्या हातात गेली आणि त्यानंतर छत्तीस-सदतीस वर्षांत भोसल्यांचं राज्य कसं खालसा झालं, तेही. बर्डीवर रोज जाणाऱ्या माणसाला किल्ला दिसतो, पण तो तिथे कुणी आणि का बांधला हे आठवत नाही. खिडकीतल्या बाईच्या तोंडी एखादं वाक्य घाला, नाटकभर एकच.

बातमीपत्राचा साचा वापरणार असाल तर मात्र एक गोष्ट माझ्याकडून हट्टाने ऐका. १९३८ ला अमेरिकाभर लोक रस्त्यावर धावले, हे वर्णन वर्तमानपत्रांनी बरंच फुगवलेलं होतं, असं पुढच्या अभ्यासकांनी दाखवलं आहे. पण फेब्रुवारी १९४९ मध्ये इक्वेडोरच्या किटो शहरात जे झालं ते फुगवलेलं नव्हतं. तिथल्या रेडिओने हीच गोष्ट स्थानिक गावांची नावं आणि अधिकाऱ्यांसारखे आवाज वापरून केली. हे नाटक होतं असं कळल्यावर चिडलेल्या जमावाने इमारतच पेटवली, त्यात माणसं मेली. आज तुमच्या ऑडिओतला चाळीस सेकंदांचा तुकडा कुणीही कापून व्हॉट्सॲपवर टाकू शकतं, आणि त्या तुकड्याला आगापिछा नसेल. म्हणून खऱ्या वाहिनीचं नाव घेऊ नका, खऱ्या अधिकाऱ्याचं पद घेऊ नका, आणि प्रत्येक मिनिटात अशी एक तरी खूण ठेवा की तुकडा सुटा झाला तरी नाटक आहे हे कळेल. खिडकीतल्या बाईचा फायदा इथेही आहे. ती बातमी देत नाही, बातमीची वाट बघते.

आता शेवट. मंगळवासी जंतूंनी मरतात, आणि प्रत्येक नाट्यगटाला हा शेवट लंगडा वाटतो. मलाही वाटायचा. मग लक्षात आलं की वेल्स यांनी तो पहिल्या परिच्छेदातच पेरलाय. सूक्ष्मदर्शकातून पाण्याच्या थेंबातले जीव पाहावेत तसं कुणीतरी आपल्याला पाहत होतं, असं ते तिथे लिहितात. ज्या थेंबाशी आपली तुलना होते त्याच थेंबातले जीव शेवटी आपल्याला वाचवतात. तुमचं नाटक शेवटच्या दोन मिनिटांत जंतू आणेल तर लंगडंच वाटेल. पहिल्या मिनिटात आणा. बाईला सर्दी असू द्या. ती खोकत, नाक पुसत गाड्यांच्या वेळा सांगते आहे, आणि त्याकडे कुणाचंही लक्ष नाही.

आणि इथे नागपूरकडे असं काही आहे जे वेल्स यांच्याकडे नव्हतं. तान्ह्या पोळ्याला इतवारी-महालाच्या गल्ल्यांतून काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे रोगराई-पीडेचे मोठे पुतळे, मिरवणुकीने निघतात, सोबत बडगे नावाचे आणखी पुतळे असतात, आणि लोक ओरडतात, "रोगराई घेऊन जा गे मारबत!" पिढ्यान् पिढ्या आपण रोगाला गावाबाहेर घालवत आलो. वेल्स यांचं शेवटचं म्हणणं असं की माणसाने अब्जावधी मरणं मोजून या पृथ्वीवर राहण्याचा हक्क मिळवलाय. प्लेग, पटकी, देवी, जे जे आपल्याला सोसावं लागलं, तेच आपल्या रक्तात पहारा देत उभं राहिलं. ज्याला आपण ओरडून हाकललं, त्यानेच गाव राखलं. तुमच्या शेवटच्या प्रसंगात लांबून ती आरोळी ऐकू येऊ द्या, पण नेहमीच्या जल्लोषात नको. एक म्हातारा आवाज, एकटा, आणि 'घेऊन जा' म्हणताना मधेच थांबलेला. त्यावर कुणीही भाष्य करू नका.

यंत्र दाखवायचंच असेल तर तेव्हा दाखवा, आणि एकच पाय. बडगे करणाऱ्या कारागिराकडे जा. बांबू, कागद आणि खळ यांतून वीस फुटांचं धूड उभं करणं त्याच्या हातचं काम आहे, आणि ते अरुंद गल्लीतून कसं वळवायचं हेही त्याला कळतं. विंगेतून कलून आत आलेला, न हलणारा बांबूचा एक पाय, आणि वर काय आहे ते दिसतच नाही. कारागिराचा मोबदला आधी द्या आणि पत्रकावर त्याचं नाव नटांच्या बरोबरीने छापा.

हक्कांचं विचारलं नाहीत, पण स्पर्धेत ते विचारलं जाईल. वेल्स १९४६ मध्ये गेले. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात, म्हणजे मूळ कादंबरी २००७ पासून आपल्याकडे खुली आहे. १९३८ ची संहिता, चित्रपट, तो अल्बम यांचे हक्क वेगळे. तिथलं एकही वाक्य किंवा सूर उचलू नका. मराठी अनुवादालाही अनुवादकाचा वेगळा हक्क असतो, म्हणून मूळ इंग्रजीवरून स्वतः लिहा. फार अवघड इंग्रजी नाही ते.

पहिला खर्डा झाला की त्यातून यंत्राची सगळी वर्णनं काढून टाका आणि उरलेलं मोठ्याने वाचा. बाई पुढच्या गाडीची वाट बघते आहे असं ऐकणाऱ्याला वाटत असेल, तर तालमीला सुरुवात करा. नसेल वाटत, तर खर्डा मला पाठवा, दोघं मिळून बघू. जातं हवं असेल तर तेही आहे. मित्राच्या घरून मी ते उचलून आणलंय.